‘मरून जावंसं वाटतं’ असं लेकरू म्हणालं तर? आकडे, कायदा आणि आपल्या घरांची जबाबदारी

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा म्हणजे एनसीआरबीचा २०२३चा अहवाल आला, दोन दिवस बातम्या झाल्या आणि विषय मागे पडला. पण त्यातला एक आकडा महाराष्ट्रातल्या प्रत्येक आईवडिलांनी थांबून वाचावा असा आहे. २०२३ या एका वर्षात देशात १३,८९२ विद्यार्थ्यांचा मृत्यू आत्महत्येने झाला. २०१३ मध्ये हाच आकडा ८,४२३ होता. म्हणजे दहा वर्षांत जवळपास ६५ टक्के वाढ. आणि राज्यांच्या यादीत सगळ्यात वर आपला महाराष्ट्र आहे : २,०४६ विद्यार्थी. हिशोब केला तर राज्यात दररोज पाच-सहा विद्यार्थी.

एनसीआरबीच्या वार्षिक अहवालात धर्मनिहाय आकडे नसतात. त्यामुळे आपल्याकडे पटकन म्हटलं जातं, ‘हे आपल्यात होत नाही, आपल्यात हे हराम आहे.’ प्रमाण कमी असो की जास्त, ज्या घरातलं लेकरू गेलं त्या घरासाठी टक्केवारीला काही अर्थ उरत नाही. आणि हराम आहे हे माहीत असलेल्या मुलालाही रात्री दोन वाजता असा विचार येऊ शकतो. तेव्हा त्याने तो कोणाला सांगायचा? हा लेख याच प्रश्नाबद्दल आहे.

कोर्टाने काय सांगितलं?

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या विषयावर महत्त्वाचा निकाल दिला. विशाखापट्टणममध्ये ‘नीट’ची तयारी करणाऱ्या एका १७ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचं हे प्रकरण होतं. न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि न्यायमूर्ती संदीप मेहता यांच्या खंडपीठाने मानसिक आरोग्य हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं आणि देशभरातल्या शाळा, कॉलेज, कोचिंग क्लास आणि वसतिगृहांसाठी १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. कायदा होईपर्यंत या सूचना बंधनकारक आहेत.

त्यातल्या पालकांनी लक्षात ठेवाव्यात अशा काही गोष्टी : १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा. मार्कांवरून ‘हुशारांची’ आणि ‘ढ मुलांची’ वेगळी बॅच करायची नाही. मुलांना चारचौघांत अपमानित करायचं नाही. हेल्पलाइनचे नंबर वर्गात, वसतिगृहात आणि वेबसाइटवर मोठ्या अक्षरांत लावायचे. शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचं. याआधी मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने उच्च शिक्षणसंस्थांमधल्या आत्महत्यांचा अभ्यास करण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दलही नेमलं.

हे सगळं स्वागतार्ह आहे. पुढच्या पालकसभेत प्रत्येक पालकाने विचारायला हवं, ‘आपल्या शाळेत समुपदेशक कोण आहे? नंबर कुठे लावला आहे?’ हा प्रश्न विचारणं म्हणजे शाळेवर आरोप करणं नव्हे. तो आता आपला हक्क आहे.

पण या सूचना कुठे थांबतात तेही पाहायला हवं. त्या संस्थेच्या दारापर्यंत येतात. आपल्या समाजातली किती मुलं त्या दाराच्या बाहेर आहेत? दहावीनंतर शाळा सुटलेली आणि घरी बसलेली मुलगी, गॅरेजमध्ये किंवा कपड्याच्या दुकानात कामाला लागलेला सोळा वर्षांचा मुलगा, शंभरपेक्षा कमी पट असलेली छोटी शाळा. अशा मुलांसाठी कोणताही समुपदेशक नेमला जाणार नाही. एनसीआरबीच्या तक्त्यात ती ‘विद्यार्थी’ म्हणूनही मोजली जाणार नाहीत. त्यांच्यासाठी पहिली सूचना घरातच पाळावी लागेल.

‘कारण’ नावाच्या रकान्यात काय लपतं?

विद्यार्थ्याची आत्महत्या म्हटलं की आपण लगेच परीक्षा, मार्क, कोचिंग असं बोलू लागतो. एनसीआरबीचा तक्ता जरा वेगळं सांगतो. २०२२च्या अहवालात सर्व वयोगट मिळून सर्वात मोठं नोंदवलेलं कारण ‘कौटुंबिक समस्या’ हे होतं : ३१.७ टक्के. त्यानंतर आजारपण : १८.४ टक्के. ‘परीक्षेत नापास’ हे कारण एक-दीड टक्क्याच्या आसपास असतं. १८ वर्षांखालच्या मुलांचा वेगळा तक्ता पाहिला तरी कौटुंबिक समस्या पुढे आणि परीक्षा तिच्या मागे असते. त्या एका वर्षात दहा हजारांहून जास्त अल्पवयीन मुलं गेली.

अर्थात पोलिसांच्या फॉर्ममध्ये एकच कारण लिहायची सोय असते. माणसाचं मन एका रकान्यात बसत नाही. डोक्यात महिनोन् महिने चाललेलं नैराश्य, शाळेतली छळवणूक, एखादं तुटलेलं नातं, घरातली भांडणं हे सगळं साचत जातं आणि निकालाचा दिवस हा शेवटचा थेंब ठरतो. आपण मात्र तो थेंबच पाहतो आणि म्हणतो, ‘एवढ्याशा कारणावरून?’

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला होता. म्हणजे ५० मुलांच्या वर्गात तीन-चार मुलं. त्यातली बहुतेक उपचारापर्यंत पोचतच नाहीत. मानसोपचारतज्ज्ञांची संख्याही आपल्या देशात लाख लोकांमागे एकाहून कमीच आहे. म्हणून ओळखण्याचं आणि वेळेत पोचवण्याचं काम घरातल्या माणसांवर येतं.

आपल्या मुलांच्या खांद्यावरचं ओझं

मुस्लिम घरांत काही ताण वेगळे आहेत, ते नाव घेऊन बोलायला हवेत. उच्च शिक्षणाच्या २०२०-२१च्या सरकारी सर्वेक्षणानुसार देशातल्या कॉलेज विद्यार्थ्यांमध्ये मुस्लिमांचा वाटा फक्त ४.६ टक्के होता, तर लोकसंख्येत तो २०११च्या जनगणनेप्रमाणे १४.२ टक्के आहे. याचा घरातला अर्थ असा की अनेक घरांत बारावीपर्यंत पोचलेलं ते पहिलंच लेकरू असतं. अब्बूंनी ओव्हरटाइम केला, अम्मीने दागिना गहाण ठेवला, थोरल्या भावाने शिक्षण सोडून काम धरलं, तेव्हा याची फी भरली गेली. हे सगळं त्या मुलाला पाठ असतं, कारण दर दोन दिवसांनी कोणी ना कोणी त्याला ते ऐकवतं. मार्क कमी पडले की त्याला वाटतं, आपण फक्त पेपरात नाही, सगळ्या घराला फसवलं.

मुलींचं आणखी वेगळं. शिकायचं असताना ठरलेलं लग्न, हातातून काढून घेतलेला मोबाइल, कोणाशी बोलताना दिसली म्हणून झालेली मारहाण. यातलं बरंच काही ‘इज्जत’ या एका शब्दाखाली झाकलं जातं. त्यात शाळेत नावावरून मारलेले टोमणे, मोबाइलवर रोज दिसणारा द्वेष. मुलं हे घरी सांगत नाहीत, कारण घरच्यांना आधीच काळजी आहे हे त्यांना कळतं.

आणि एवढं सोसून एखादं लेकरू तोंड उघडतं, ‘अम्मी, मला जगावंसं वाटत नाही,’ तेव्हा त्याला काय ऐकायला मिळतं? ‘तौबा कर! असं बोलू नये.’ ‘नमाज पढत नाहीस म्हणून असं होतं.’ ‘काय कमी केलं आम्ही तुला?’ ‘दोजखची भीती नाही का?’ बोलणाऱ्याची नियत वाईट नसते, तो घाबरलेला असतो. पण मुलाला एकच समजतं : हे इथे पुन्हा बोलायचं नाही.

इस्लाममध्ये जीव ही अल्लाहची अमानत आहे आणि आत्महत्येला सक्त मनाई आहे, यात दुमत नाही. पण मनाई सांगणं वेगळं आणि दुःखात असलेल्या माणसाला दटावणं वेगळं. कुरआनमधला हजरत मरियम यांचा प्रसंग आठवा. प्रसूतीच्या वेदनेत, एकट्या, लोक काय म्हणतील या धास्तीत असताना त्यांच्या तोंडून निघालं की याआधीच आपण मेलो असतो, विसरले गेलो असतो तर बरं झालं असतं. त्यावर त्यांना काय मिळालं? झिडकारणं नाही. आधी दिलासा मिळाला की दुःख करू नकोस. मग पाय टेकलेल्या जागी वाहतं पाणी, झाडाची ताजी खजूर आणि लोकांच्या प्रश्नांना आज उत्तर द्यायची गरज नाही ही सवलत. हजरत याकूब मुलाच्या विरहात रडून रडून दृष्टी गमावून बसले, तरी त्यांचा ईमान कमी झाला असं कोणी म्हणत नाही. पैगंबर साहेबांच्या आयुष्यातल्या एका वर्षाला तर ‘दुःखाचं वर्ष’ असंच नाव आहे. मग पंधरा वर्षांच्या मुलाचं दुःख म्हणजे कमजोर ईमान, हे आपण कुठून शिकलो?

विचारल्याने विचार येत नाही

पालकांची सगळ्यात मोठी भीती ही असते : ‘आपण थेट विचारलं तर त्याच्या डोक्यात नसलेलं येईल.’ या भीतीची तपासणी झालेली आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या सहा हायस्कूलमधल्या २,३४२ विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्या मुलांना आत्महत्येच्या विचारांबद्दल प्रश्न विचारले, अर्ध्यांना नाही. ज्यांना विचारलं त्यांच्यात असे विचार वाढले नाहीत. उलट ज्या मुलांना आधीपासून त्रास होता, त्यांना विचारल्याने काहीसा आराम पडल्याचं दिसलं. नंतरच्या अभ्यासांचाही कल हाच आहे.

तेव्हा विचारायचं. पण कधी? काही खुणा अशा असतात की त्या दिसल्यावर थांबू नये. मूल सगळ्यांपासून तुटून एकटं राहू लागतं. झोप आणि भूक बदलते. आवडीचा क्रिकेट, मेंदी, मित्र सगळं सोडून देतं. ‘मी नसलो तर तुमचा खर्च वाचेल,’ ‘आता थोडेच दिवस’ असं बोलतं किंवा स्टेटसला ठेवतं. जपलेल्या वस्तू वाटून टाकतं. अंगावर जखमा दिसतात आणि बाही ओढून झाकल्या जातात. मुलांमध्ये नैराश्य नेहमी रडण्यातून दिसत नाही. चिडचिड, उलट बोलणं, अंगदुखी-पोटदुखी अशा रूपातही येतं. आणि खूप दिवस अस्वस्थ असलेलं मूल एकदम शांत, हलकं झालं, तर ‘चला, बरं झालं’ म्हणून निर्धास्त होऊ नका. त्या दिवशी नक्की विचारा.

कसं विचारायचं? टीव्ही बंद, मोबाइल बाजूला, पाहुणे नसताना. समोर बसवून चौकशी नको. भाजी निवडताना, स्कूटरवरून येताना, इशाच्या नमाजनंतर चालताना असं बोलणं सोपं जातं. ‘बेटा, काही दिवस तू गप्प गप्प आहेस. मला काळजी वाटते. कधी कधी माणसाला एवढा त्रास होतो की मरून जावंसं वाटतं. तुला तसं वाटतं का? जीव द्यावा असा विचार येतो का?’ शब्द स्पष्ट वापरायचे. ‘तू काही उलटंसुलटं करणार नाहीस ना?’ असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : ‘नाही.’

आणि तो ‘हो’ म्हणाला तर? तेव्हा लांब श्वास घ्या. रडू आलं तरी चालेल, ओरडू नका. ‘तू सांगितलंस ते फार बरं केलंस. मी तुझ्यावर रागावले नाही. आपण मिळून यातून मार्ग काढू,’ एवढं पुरेसं आहे. मग पुढचे प्रश्न : हा विचार कधीपासून येतो? आजही आहे का? काही ठरवलं आहे का? उत्तरात दिवस ठरलेला असेल किंवा तयारी केलेली असेल तर ती आणीबाणी समजायची. आणि ‘मी कोणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही. त्याऐवजी म्हणा, ‘गावभर करणार नाही, पण तुला वाचवण्यासाठी ज्याला सांगावं लागेल त्याला सांगेन. आधी तुला विचारून.’

आजची रात्र कशी काढायची?

आत्महत्येची तीव्र ऊर्मी ही बहुतेक वेळा कायम राहत नाही. ती लाटेसारखी येते, चढते आणि ओसरते. कधी काही मिनिटं, कधी काही तास. जे लोक प्रयत्नातून वाचले त्यांच्यातले बहुतेक, दहातले नऊ, पुढे आत्महत्येने मरत नाहीत, असं अभ्यास सांगतात. म्हणजे ती लाट ओसरेपर्यंत लेकराला सुरक्षित ठेवणं हेच पहिलं काम. त्याचे सगळे प्रश्न आज रात्री सोडवायचे नाहीत.

पहिली गोष्ट, एकटं सोडायचं नाही. कोणीतरी त्याच खोलीत झोपायचं. शिक्षा म्हणून नाही, सोबत म्हणून. दुसरी गोष्ट, घर सुरक्षित करायचं. औषधांचा डबा, आजीची बीपी-शुगरची औषधं, शेतीची फवारणीची औषधं, धोकादायक वाटेल ते सगळं कुलपात किंवा सरळ दुसऱ्या नातेवाइकाकडे. ‘मनात असेल तर तो कुठूनही करेल,’ असं लोक म्हणतात. हे खरं नाही. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापासून तिथलं आत्महत्येचं प्रमाण ७० टक्क्यांहून जास्त खाली आलं. साधन हाताशी नसलं की लाट ओसरायला वेळ मिळतो. एक साधं कुलूप जीव वाचवू शकतं.

तिसरी गोष्ट, फोन. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या या सेवेवर आतापर्यंत २० लाखांहून जास्त कॉल आले आहेत, तेव्हा आपण एकटेच नाही. मुलाने स्वतः केला तरी चालतो, आईने ‘माझ्या मुलाला असं होतंय, काय करू?’ म्हणून केला तरी चालतो. अडचणीत असलेल्या मुलांसाठी १०९८ ही चाइल्डलाइन आहे. धोका तत्काळ असेल, मुलाने स्वतःला काही केलं असेल, तर ११२ किंवा १०८ वर फोन करून थेट जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या आपत्कालीन विभागात न्यायचं. घरगुती उपाय, ओळखीच्या माणसाची वाट पाहणं, ‘सकाळी बघू’ असं काहीही नको.

एका कागदावरचा प्लॅन

वादळ थोडं शांत झालं की एक काम करण्यासारखं आहे. मानसशास्त्रज्ञ बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी ‘सेफ्टी प्लॅन’ नावाची सोपी पद्धत तयार केली, ती आज जगभर वापरली जाते. त्यांच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आपत्कालीन विभागात आलेल्या प्रौढ रुग्णांना असा प्लॅन करून दिला आणि नंतर फोनवरून विचारपूस केली, तेव्हा पुढच्या सहा महिन्यांत आत्महत्येशी संबंधित वर्तन सुमारे ४५ टक्क्यांनी कमी दिसलं. समुपदेशकाच्या मदतीने केला तर उत्तम, पण सुरुवात घरीही करता येते. लिहायचं मुलानेच, त्याच्या शब्दांत.

समजा, एक सोळा वर्षांची मुलगी आहे. तिचा कागद असा असू शकतो :

१. वादळ येतंय हे मला कसं कळतं? रात्री अकरानंतर झोप येत नाही. छाती भरून येते. ‘मी सगळ्यांना ओझं आहे’ हे वाक्य डोक्यात फिरतं.

२. मी एकटी काय करू शकते? थंड पाण्याने तोंड धुणं किंवा वुजू. चित्र काढणं. आवडती नात ऐकणं. शंभरपासून उलटे आकडे मोजणं.

३. लक्ष दुसरीकडे जाईल अशी माणसं आणि जागा. खालाकडे जाऊन तिच्या बाळाशी खेळणं. धाकट्या भावाबरोबर कॅरम. हॉलमध्ये सगळ्यांत येऊन बसणं.

४. मदत कोणाला मागायची? अम्मी. मामू, त्यांचा नंबर. शाळेतल्या एक विश्वासाच्या मॅडम. फोनवर काय म्हणायचं तेही लिहायचं : ‘आज मला बरं वाटत नाही, सोबत राहा.’

५. तज्ज्ञ कोण? डॉक्टरांचं नाव, ओपीडीचा दिवस, १४४१६.

६. घर सुरक्षित कसं ठेवायचं? औषधं अब्बूंच्या कपाटात, चावी त्यांच्याकडे.

आणि सगळ्यात खाली, ज्यासाठी जगायचं आहे अशी एक-दोन कारणं. ती मोठी असायची गरज नाही. ‘ईदला नानीकडे जायचंय’ हेही कारण आहे. कागदाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवायचा. मध्यरात्री विचार करायची ताकद नसते, तेव्हा वाचायला काहीतरी हाताशी हवं.

एक गोष्ट भावंडांसाठी आणि मित्रांसाठी. बहुतेक वेळा हे पहिल्यांदा कळतं ते आईला नाही, चुलत बहिणीला किंवा वर्गमित्राला, तेही चॅटवर. ‘कोणाला सांगू नकोस, कसम आहे,’ असंही ती म्हणते. आपल्या मुलांना आजच सांगून ठेवा : असं राज जपायचं नसतं. मोठ्या, भरवशाच्या माणसाला सांगितलं तर ती चुगली होत नाही. मैत्रीण रागावेल, पण जिवंत राहील.

दुआही आणि दवाही

आपल्याकडे अडचण आली की पहिली धाव आमिल किंवा दर्ग्याकडे असते. ‘नजर लागली,’ ‘असर झालाय.’ दुआने मनाला आधार मिळतो, तो नाकारायचं कारण नाही. पण उपचार थांबवून फक्त झाडफूक करण्याचे परिणाम आपण पाहिले आहेत. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडी इथे दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयगृहाला आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. त्यांना पळताच आलं नाही.

त्याच्या उलट उदाहरणही आपल्याच समाजात आहे. गुजरातमध्ये उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा आणि दुआ’ नावाचा उपक्रम चालतो. तिथे मुजावर मंडळींना मानसिक आजाराच्या खुणा ओळखायला शिकवलं जातं. ते दुआ करतात आणि त्याच आवारात बसलेल्या डॉक्टरांकडे पाठवतात. श्रद्धा तुटत नाही आणि गोळीही सुरू होते. उंट बांध आणि मग अल्लाहवर भरवसा ठेव, या शिकवणीचा याहून सरळ अर्थ काय असेल? नवव्या-दहाव्या शतकात अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन दोन्हींच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला होता. मनाचा उपचार ही आपल्यासाठी परकी गोष्ट नाही, आपणच विसरलो.

खर्चाची चिंता असेल तर सरकारी व्यवस्था वापरा. मुंबईत केईएम, सायन, जेजे, पुण्यात ससून, जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा रुग्णालय किंवा सरकारी मेडिकल कॉलेज इथे मानसोपचार विभाग असतो. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. ओपीडीत गेलं म्हणजे भरती करतात असं नाही. आणि गोळ्या सुरू झाल्या तर मनाने बंद करू नका, डोस डॉक्टरांना विचारूनच बदला.

पोलिसांची भीती किती खरी?

‘केस होईल, लेकराचं करिअर जाईल,’ या भीतीने कितीतरी घरं प्रयत्नानंतरही हॉस्पिटल टाळतात. कायदा बदललेला आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं जातं. तिच्यावर खटला नाही, शिक्षा नाही. उलट तिला काळजी, उपचार आणि पुनर्वसन देणं हे सरकारचं कर्तव्य ठरवलं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुन्या दंडविधानातलं कलम ३०९ राहिलंच नाही. हॉस्पिटल पोलिसांना कळवतं, जबाब होतो, पण म्हणून मूल गुन्हेगार ठरत नाही. डॉक्टरपासून खरं लपवलं तर मात्र उपचार चुकतो.

हॉस्पिटलमधून घरी आल्यावरचे पहिले काही आठवडे सगळ्यात नाजूक असतात. नेमके तेव्हाच नातेवाईक भेटायला येतात आणि ‘का केलंस?’ विचारतात. दारातच थांबवा. पुढची तपासणी चुकवू नका.

मशिदीच्या फलकावर एक नंबर

समाज म्हणून काय करता येईल? मोठा निधी लागत नाही. दहावी-बारावीच्या निकालाआधीच्या जुम्याला खुतब्यात पाच मिनिटं या विषयावर. मशिदीच्या आणि मदरशाच्या फलकावर १४४१६. महिलांच्या इज्तिमामध्ये एकदा जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांना बोलावणं. इमाम साहेबांकडे लोक मनातलं बोलतात, तेव्हा त्यांनाही थोडं प्रशिक्षण मिळावं. निकालाच्या दिवशी मोहल्ल्यातल्या पहिल्या आलेल्यांचे बॅनर लागतात. त्याच दिवशी दोन तरुणांनी नापास झालेल्यांच्या घरी जाऊन पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरून द्यावा.

आणि अशी घटना घडलीच तर मोबाइल आवरा. फोटो, चिठ्ठी, व्हिडिओ पुढे पाठवू नका. कसं घडलं याचे तपशील ऐकून त्याच वादळात असलेलं दुसरं लेकरू ओढलं जातं, हे जगभर दिसलेलं आहे. ज्या घरात हे दुःख आलं त्या घराला वाळीत टाकू नका. आपल्याकडच्या हनफी आणि शाफई दोन्ही मसलकांत अशा मय्यतचा जनाजा पढला जातो. जनाजाला जा, आईबापाजवळ बसा, सवाल करू नका.

कोर्टाच्या सूचना, सरकारची हेल्पलाइन, जिल्ह्याचा डॉक्टर हे सगळं आता आहे, अपुरं असलं तरी आहे. त्याच्यापर्यंत लेकराला नेणारा रस्ता मात्र घरातूनच निघतो. तेव्हा हा लेख वाचून बाजूला ठेवण्याआधी दोन कामं करा. १४४१६ हा नंबर घरातल्या सगळ्या फोनमध्ये सेव्ह करा. आणि आज रात्री, जेवण झाल्यावर, आपल्या मुलाला किंवा मुलीला एकदा विचारा, ‘बेटा, खरंच कसं चाललंय?’ आणि मग उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका.

मदतीसाठी : टेलि-मानस १४४१६ (मोफत, चोवीस तास) | चाइल्डलाइन १०९८ | आपत्कालीन मदत ११२ | रुग्णवाहिका १०८